पोट आणि व्हेंटर

शब्दांनाही कुळशील असते, असे मानण्याची आपल्याला जुनी खोड आहे. संस्कृत शब्द सोवळ्यातला, लॅटिन शब्द शास्त्राचा, आणि घरातला मराठी शब्द तेवढा ओटीवर बसावयाचा! शरीरशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘उदर’ सन्मानाने येते. ‘पोट’ मात्र दुखण्यापुरते उरते. हा पंक्तिप्रपंच मला फार दिवस खटकत आला आहे, आणि त्याविरुद्ध माझा साक्षीदार खुद्द लॅटिन भाषाच आहे.

लॅटिनमध्ये ‘व्हेंटर’ म्हणजे पोट. रोमन मनुष्याची भूक व्हेंटरमध्ये आणि त्याच्या स्त्रीचे मूलही व्हेंटरमध्येच. न जन्मलेल्या मुलाचे हित राखण्यासाठी रोमन कायदा जो पालक नेमी, त्याचे नावच मुळी ‘पोटाचा पालक’ असे होते. पुढे इंग्रजी कायद्यातही एका आईची लेकरे ती एका व्हेंटरची लेकरे ठरली. आपला ‘पोटचा मुलगा’ याहून निराळे काय सांगतो? उलट आपण एक पाऊल पुढे जाऊन दुसऱ्याचे अपराधही पोटात घालतो.

व्हेंटरला लघुत्वाचा प्रत्यय लागून ‘व्हेंट्रिक्युलस’ झाले. हे ‘लहानसे पोट’ म्हणजे जठर; आणि हृदयाचे खालचे दोन कप्पे, तीही लहानशी पोटेच. आमच्या पाठ्यपुस्तकांत या कप्प्यांना ‘निलय’, म्हणजे घर, म्हणतात. शब्द सुबक खरा. परंतु ज्यांनी मूळ नाव ठेविले त्यांना हृदयात पोट पाहण्याची लाज वाटली नाही.

स्नायूच्या मधल्या फुगीर भागालाही शरीरशास्त्रात व्हेंटर म्हणतात. हा अर्थ मला कोशापेक्षा बेडशाने अधिक चांगला समजाविला. मावळात कामशेतजवळची ती लेणी पाहण्यास शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात, आणि चढून गेल्यावर जी भरून येते ती पोटरी! ग्रीकांनीही त्या स्नायूला ‘पायाचे पोट’ अशाच अर्थाचे नाव दिले आहे. खाली मावळातल्या खाचरांत लोंबी बाहेर पडण्यापूर्वी भाताचे ताट फुगते, तेव्हा शेतकरी म्हणतो, भात पोटरीत आले. एका शब्दात गर्भवतीही आली, स्नायूही आला आणि पीकही आले.

लेण्यातला स्तूप हाही असाच. त्याचे ‘दागोबा’ हे नाव ‘धातुगर्भ’ या शब्दापासून आलेले. ज्याच्या पोटी अवशेष आहेत तो. तेथील एका शिलालेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुसणक याच्या दानाची नोंद आहे, आणि ती संस्कृतात नसून प्राकृतात आहे. अक्षय राहावे म्हणून दगडात कोरावयाचे, तेव्हाही लोकांची वाणी पुरेशी वाटली. आमचे पोटही प्राकृत ‘पोट्ट’ याचेच वंशज. १२ व्या शतकात हेमचंद्राने ‘देशीनाममाले’त त्याची नोंद केली आहे.

कायद्याने पोटकलम स्वीकारले, सातबाऱ्याने पोटखराबा स्वीकारला. त्यांचे काही अडले नाही. मग वैद्यकानेच विटाळ का मानावा? रोगी आपले दुःख ज्या शब्दात सांगतो, त्याच शब्दात शास्त्राने त्याला उत्तर दिले, तर शास्त्राचा मान कमी होणार नाही. रोग्याला मात्र आपले शरीर आपलेच आहे असे वाटेल.