पुसण्यापूर्वीं

नवी पाटी सर्वांसच आवडते. परंतु जुनी पाटी पुसावयाची वेळ येते तेव्हां तिच्यावर काय लिहिलेलें होतें, याची खरी आठवण होते. सन २०२४ च्या दिवाळींत ही गोष्ट आम्हांस चांगलीच कळली. ती हकीकत प्रिय वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या घरीं आठ इंची पडद्याचा एक टॅब्लेट आहे. तो २०१५ सालीं ताईसाठीं घेतला होता. २०२० सालीं टाळेबंदीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां ताईचा आणि आमचा वर्ग आळीपाळीनें त्याच्यावरच भरे. पुढें ताई नोकरीनिमित्त परगांवीं गेली आणि टॅब्लेट बाबांच्या पिठाच्या गिरणींत गेला. दळणाची उधारी त्यांत मांडण्याचें काम आमच्याकडे आलें. हिशेब नीटनेटका दिसूं लागला, तशी कागदाची वही मागें पडली व शेवटीं बंदच झाली.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. त्या सायंकाळीं टॅब्लेट आपली कार्यप्रणाली अद्ययावत करून घेत होता. 'यंत्र बंद करूं नका' ही सूचना पडद्यावर स्पष्ट होती. पण आम्हांस खेळावयास जाण्याची घाई! आम्हीं बटण दाबून धरलें व तो बंद केला. त्यानंतर तो पूर्ववत् सुरू होईना. ठिपके गोल गोल फिरत, पडदा काळा होई, आणि पुन्हां तेच ठिपके.

बाजारांतील दुरुस्तीवाल्यानें तो पाहून सांगितलें, "सगळं पुसून नवं टाकावं लागेल. आंतलं कांहीं राहणार नाहीं." घरीं येऊन आम्हीं बाबांस म्हणालों, "आपोआप बिघडला." बाबा क्षणभर गप्प राहिले व म्हणाले, "असूं दे. लोक आपापलं सांगतील." त्यांचा लोकांवर आणि आमच्यावर सारखाच विश्वास होता. त्यांतील एक विश्वास खोटा ठरला होता, हें आम्हांसच ठाऊक होतें. त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

शाळेस सुट्टी लागली होती. तरी आमच्या संगणकाच्या सरांनीं प्रयोगशाळा उघडून दिली. त्यांनीं समजाविलें तें असें: यंत्र आणि त्यास चालविणारी प्रणाली या दोन निराळ्या वस्तु होत. यंत्र धडधाकट असून आंतील प्रणाली मोडली, तर पेन ड्राइव्हवर तिची दुसरी प्रत घेऊन बाहेरून यंत्र सुरू करतां येतें व तीच प्रत आंत बसवितां येते.

टॅब्लेटाचा प्रोसेसर ६४ बिटांचा, म्हणून पहिल्या खेपेस आम्हीं विंडोज १० ची ६४ बिटांची प्रत ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरविली. टॅब्लेटानें तिच्याकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. सर हंसून म्हणाले, "याचं फर्मवेअर ३२ बिटांचं आहे." फर्मवेअर म्हणजे यंत्र चालू होतांच सर्वांआधीं जागा होणारा मूळ कार्यक्रम. घरधनी कितीहि विद्वान असला तरी द्वारपाल ज्यास ओळखील त्यासच आंत प्रवेश, असा हा प्रकार! आम्हीं ३२ बिटांची प्रत तयार केली.

दुसरी अडचण भोकाची. टॅब्लेटास बाहेरची तार जोडण्यास एकच छिद्र. त्यांतूनच चार्जिंग आणि त्यांतूनच पेन ड्राइव्ह. ओटीजीची तार व हब लावून पेन ड्राइव्ह, कीबोर्ड आणि माउस जोडले कीं चार्जर लावण्यास जागा उरत नसे. काम अर्धवट असतां बॅटरी संपली तर पुन्हां तोच अपराध घडावयाचा! म्हणून ती पूर्ण भरेपर्यंत आम्ही स्वस्थ बसलों. इतका वेळ स्वस्थ बसण्याचा आमचा तो पहिलाच प्रसंग.

अखेर स्थापनेचा पडदा उमटला. आमचा हात पुढें जाणार तों सर म्हणाले, "थांब. आधीं काढून घे, मग पूस." त्यांनीं कीबोर्डावर शिफ्ट व एफ-१० हीं बटणें एकदम दाबविलीं, आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी उघडली. तींत नोटपॅड हें नांव लिहितांच तो लहानसा कार्यक्रम सुरू झाला. फाइल उघडावयाच्या त्याच्या चौकटींतून टॅब्लेटाचें सारें अंतरंग दिसूं लागलें! मोडली होती ती प्रणाली. कागदपत्रें जागच्या जागीं होतीं. उधारीची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून व संगणकावर उघडून पाहिल्यावरच आम्हीं जुने विभाग पुसले.

नवी प्रणाली बसली, पण पडदा आडवा आणि स्पर्श मुळींच कळेना. त्यांचे ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आणून घातले, तेव्हां कोठें टॅब्लेट पूर्वीसारखा झाला.

फाइल हातीं आली होती. आतां गप्प राहिलों असतों तर कोणास कांहीं कळलें नसतें. पण बाबांचे ते शब्द कानांतून जाईनात. गिरणींत जाऊन आम्हीं बटणाची खरी गोष्ट सांगितली. बाबांनीं पिठाचे हात झटकले, फळीवरून कोरी वही काढली व म्हणाले, "यांतहि लिहीत जा." रागावले असते तर बरें, असें आम्हांस वाटलें.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम व ६४ जीबी सांठवण लागते. आमच्या टॅब्लेटांत या दोहोंचें निम्मेंच आहे. म्हणून तो आतां महाजालावर जात नाहीं. गिरणींत बसून केवळ हिशेब ठेवितो. दर शनिवारीं त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर जाते आणि रोजची नोंद वहींत होते. बिघडलेली प्रणाली बाहेरून आणून बसवितां येते; विश्वासाची प्रत मात्र कोणत्याहि पेन ड्राइव्हवर मिळत नाहीं.