रातपाळीचें इंग्रजी नांव

परवां तिन्हीसांजेला देवापुढें दिवा लावून आई जपाला बसली होती. इतक्यांत माझी कन्या फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "या आठवड्यांत माझी ग्रेव्हयार्ड शिफ्ट आहे." आई जुनी मॅट्रिक, शब्दाचा अर्थ तिला तत्काळ कळला आणि हातांतली माळ थांबली. "दिवेलागणीला स्मशानाचें नांव काढतेस?" एवढेंच ती म्हणाली, पण रात्रीं जेवतांना कोणाशीं फारशी बोलली नाहीं.

कन्येचें म्हणणें असें कीं, हा शब्द कचेरींत सर्वांच्या तोंडीं आहे. त्यांत अभद्र कांहीं नाहीं. आजी-नातींचा हा वाद मिटवावा म्हणून मीं कोश उघडले.

मध्यरात्रीं सुरू होऊन सकाळीं संपणाऱ्या पाळीचें हें इंग्रजी नांव केवळ बोलीतलें आहे. मित्राशीं बोलतांना तें शोभतें. अर्जांत मात्र 'नाइट शिफ्ट' असेंच लिहावें लागतें. अमेरिकेंत १८९० नंतरच्या दशकांत, खाणींतील कामगारांच्या संबंधांत तें छापलेलें आढळतें. त्याच सुमारास रात्रीं बारा ते पहांटे चार या पहाऱ्याला 'ग्रेव्हयार्ड वॉच' म्हणण्याचाहि प्रघात होता. त्या वेळची भयाण शांतता हें या नांवाचें सरळ कारण दिसतें. १९२७ च्या एका नाविक शब्दकोशानें मात्र त्या प्रहरीं होणाऱ्या अपघातांची संख्या हें कारण दिलें आहे. चुकून जिवंत पुरलेल्या माणसाच्या हाताला दोरी व वर घंटा बांधीत, आणि ती ऐकण्यासाठीं रात्रभर राखणदार बसे, अशीहि एक कथा सांगतात. कथा चटकदार खरी, परंतु या शब्दाशीं तिचा संबंध असल्याचा पुरावा नाहीं.

आपल्या भाषेची रीत याच्या अगदीं उलट. आपण 'जातों' न म्हणतां 'येतों' म्हणतों. बांगडी फुटत नाहीं, ती 'वाढते'. दुकानहि बंद न करतां 'वाढवितों'. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांनीं रात्रभर राबून त्या कामाला नांव दिलें तें साधें 'रातपाळी'. वाईटाचें नांव घेतलें नाहीं म्हणजे तें उंबऱ्याबाहेर राहील, अशी आपली समजूत. खाणीतल्या त्या मजुरांनीं मात्र जें मनांत होतें तेंच थट्टेवारीं बोलून दाखविलें.

येथवर वाचून मी आईची समजूत घालावयास उठणार होतों. पण अपघातांचा उल्लेख मनांतून जाईना. भोपाळची वायुगळती १९८४ सालच्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्रींची. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ च्या उत्तररात्रीं १ वाजून २३ मिनिटांनीं झालेला. दोहोंचीं कारणें अनेक होतीं, हें मी जाणतों. तरी घटिका तीच. पुढें वाचलें तें असें कीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००७ सालीं दिवस-रात्रींचें चक्र बिघडविणाऱ्या पाळीच्या कामाची गणना कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केली, आणि २०१९ सालीं तोच निर्णय कायम ठेवला. शब्दाचा अर्थ शोधावयास गेलों, आणि मुलीची काळजी घेऊन परत आलों.

तिची कचेरी पुण्यांत; कारभार कॅलिफोर्नियाशीं. उन्हाळ्यांत आपल्याकडे मध्यरात्रींचे बारा वाजतात तेव्हां तेथें सकाळचे साडेअकरा झालेले असतात. त्यांचा भर दिवस चालावा म्हणून आमची मुलगी दोन वर्षें रात्रीं जागते आहे. तिचा पगार मीं नातेवाइकांना कौतुकानें सांगितला. ती झोपते केव्हां, हें मात्र एकदांहि विचारलें नाहीं. ती सकाळीं आठाला येऊन पडते, आणि नेमक्या त्याच वेळीं आमच्या घरांत कुकरच्या शिट्ट्या, भांडीं घासण्याचा खडखडाट आणि आईची पूजा सुरू होते.

त्या रात्रीं मीं आईला हें सर्व सांगितलें. तिनें ऐकून घेतलें. शब्द चांगला कीं वाईट याविषयीं ती कांहींच बोलली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी वर्तमानपत्र वाचीत होतों. आरतीची वेळ टळून गेली तरी घंटा ऐकूं येईना, म्हणून देवघरांत डोकावलों. आरती चालू होती. ओठ हलत होते, घंटा कोनाड्यांत तशीच. लग्न होऊन ती या घरांत आल्यापासून असें कधीं घडलें नव्हतें. माझ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, "पोर आत्तांच निजली आहे. देवाला घंटेवांचूनहि ऐकूं येतें."

पाळी बदलून मिळावी असा अर्ज मुलीनें आतां केला आहे. त्यांत तिनें 'नाइट शिफ्ट' असें लिहिलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.