बालाघाटातल्या धावण्याच्या वाटा

बालाघाटात धावताना डोळ्यांच्या आधी पायांना डोंगर कळतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला, थिजला आणि त्याचा हा काळा पाषाण झाला. म्हणून बीड जिल्ह्याच्या या डोंगरांना टोकदार शिखरं नाहीत. वर लांबलचक सपाट माळ, कडेला टप्प्याटप्प्याने उतरणारे कडे आणि खाली पुन्हा काळ्या रानाची सपाटी. आल्प्सचे डोंगर जमिनीला घड्या पडून उभे राहिले. तिथे धावणारा दरीतून वर पाहत धावतो. इथे आपण माथ्यावर असतो आणि दरी अचानक पायाखाली उघडते. माळावर श्वास लयीत बसतो, घाटात त्याचा कस लागतो.

पाटोद्याच्या माथ्यावर धावायला मला विशेष आवडतं, कारण तो दोन खोऱ्यांमधला पाणलोटाचा कणा आहे. याच तालुक्यात मांजरा उगम पावते आणि पूर्वेकडे शेकडो किलोमीटर वाहत जाऊन गोदावरीला मिळते. याच माथ्यावरची विंचरणा मात्र जामखेडकडे उतरते, पुढे सीना, भीमा असं करत कृष्णेला जाते. पावसाळ्यात या माळावर धावताना डाव्या-उजव्या हाताचे ओहोळ दोन वेगळ्या महानद्यांकडे निघालेले असतात. समोर तर नुसता माळ दिसतो: कुसळी गवत, तरवडाची पिवळी फुलं, मधूनच एखादी बाभूळ, ओरडत उठणारी टिटवी. याच तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. श्रावणात त्या बाजूच्या रस्त्याने सकाळी गेलं तर मोरांच्या केका ऐकत पुढचा चढ कधी संपतो ते कळत नाही.

सौताड्याला हा माळ एकदम तुटतो. विंचरणा कड्यावरून खाली झेपावते आणि तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. माथ्यावर उन्हाचा चटका असला तरी पायऱ्या उतरत गेलं की हवा ओली होते, झाडी दाट होते, पाण्याचा आवाज वाढत जातो. उतरताना गुडघे सांभाळावे लागतात, चढताना अहंकार. चांगल्या वाटेकडून धावणाऱ्याला हेच हवं असतं: थोड्या अंतरात जग बदलावं आणि त्या बदलाची किंमत पायांनी मोजावी.

मांजरसुंब्याजवळचं कपिलधार वेगळं आहे. मन्मथस्वामींची समाधी, शेजारी धबधबा आणि भोवती डोंगरांची ओंजळ. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरच्या गावांतून पायी दिंड्या येतात. तिथल्या वळणांवर धावताना मला नेहमी वाटतं की ही वाट माझ्या आधी कितीतरी पावलांनी तयार केली आहे. बीडकडून निघालं तर मात्र महामार्गाचा मोठा टप्पा वाट्याला येतो, आणि अवजड गाड्यांच्या वाऱ्याने माणूस कडेला ढकलला जातो. हे दुखणं पुढे येणारच आहे.

आमच्या जिल्ह्याची ओळख बाहेर दुष्काळ आणि ऊसतोड या दोन गोष्टींनी होते. दोन्ही खऱ्या आहेत. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्यांकडे निघतात, कित्येक वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं उरतात. पण त्याच दिवसांत डोंगरउतारांवर सीताफळं डोळे उघडत असतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. ओढ्यांना अजून पाणी असतं, पहाटे गारवा असतो आणि धावायला वर्षातला हा सगळ्यांत देखणा काळ असतो. कष्टाच्या मुलखालाही सौंदर्य असतं आणि तिथे राहणाऱ्यांचा त्यावर पहिला हक्क असतो. ते पाहायला वेळ आणि वाट या दोन्ही गोष्टी लागतात.

या मातीतला धावपटू साऱ्या जगाला माहीत आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी आणि धावत जायचा. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, सियाचीनला राहिला आणि 2015 मध्ये स्पर्धेत धावू लागला. 2018 मध्ये त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य घेतलं. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं. त्याआधी 1998 ते 2018 या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाकडे गेली होती. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलं.

स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी असते. ही शर्यत ब्रिटिश बेटांच्या ग्रामीण भागातून आली: एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मधले बांध आणि ओढे ओलांडत पळत सुटायचं. मैदानावरचे लाकडी अडथळे म्हणजे त्या शेतातल्या कुंपणांची आठवण, आणि पाण्याचा खड्डा म्हणजे वाटेतला ओढा. बांध, नाला, चढ आणि पुन्हा बांध असा रस्ता ज्या मुलखात रोजचाच आहे, तिथला मुलगा या शर्यतीत जगातल्या पहिल्या फळीत पोचला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आज जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे धावणारी मुलं-मुली दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतं, कुणी अग्निवीरची. मुलांना सोळाशे मीटर, पोलीस भरतीतल्या मुलींना आठशे. सैन्याच्या भरतीत पहिल्या, म्हणजे सर्वांत वेगवान गटासाठी सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसवायचे असतात. हातातला कोयता सुटावा म्हणून ही पोरं धावतात. पण ती धावतात डांबरी रस्त्याच्या कडेला, अंधारात, उसाच्या ट्रॅक्टरच्या आणि मालट्रकच्या उजेडात. अर्ध्या किलोमीटरवर डोंगर असतो, माळ असतो, मऊ माती असते. तिथे जायला वाट नसते, किंवा होती ती बुजलेली असते.

स्वित्झर्लंडच्या दऱ्या धावपटूंचं तीर्थ झाल्या त्या निव्वळ बर्फाच्या शिखरांमुळे नव्हेत. तिथे 1974 पासून सिएर ते झिनाल ही 31 किलोमीटरची शर्यत होते. साधारण बावीसशे मीटर चढ असलेली ती वाट शर्यतीचा दिवस सोडला तर सगळ्यांची असते. 1979 मध्ये तिथल्या जनतेने मतदान करून पायवाटांचं रक्षण राज्यघटनेतच घातलं. आज सुमारे 65 हजार किलोमीटरच्या पायवाटांवर पिवळे फलक आहेत आणि पुढचं गाव चालत किती वेळावर आहे ते त्यांवर लिहिलेलं असतं. डोंगर निसर्गाने दिले. त्यांतून फिरण्याची सोय लोकांनी ठरवून केली आणि टिकवली.

आपल्याकडेही वाटांची परंपरा आहे. प्रत्येक गावाच्या नकाशात पाणंद, गाडीवाट, शिवरस्ता दाखवलेला असतो. मामलेदार कोर्ट कायदा 1906 चा आहे. अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार त्यामुळे तहसीलदाराला आहे. 2021 मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही आली. तरी दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने बांध सरकतो, पाणंद अरुंद होते, मग तिच्यात बाभळी माजतात आणि एक दिवस भाऊबंदकीच्या वादात ती कायमची बंद पडते. शेतमाल बाहेर काढायला रस्ता हवा, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. त्याच रस्त्यावरून त्याची लेक पहाटे धावू शकते, एवढं आणखी एक कारण मला त्यात जोडायचं आहे.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. ग्रामसभेत गावाचा नकाशा उघडावा, गावठाणापासून माळापर्यंत जाणारी एक पाणंद मोकळी करावी, तिच्यावर दर शंभर मीटरला दगड रोवावा आणि दोन्ही बाजूंना लिंब लावावेत. भरतीच्या तयारीला लागलेल्या मुलीला मग आठशे मीटरसाठी महामार्गावर जावं लागणार नाही. भरती झाली तर उत्तमच. नाही झाली तरी आपल्या डोंगराची ओळख तिच्याजवळ राहील, आणि ती मिळवायला कुठल्याही यादीत नाव लागावं लागत नाही.