जहाजावर सगळ्यांना जागा, किनाऱ्यावर नाही

बोस्टनच्या दक्षिणेला न्यू बेडफर्ड नावाचे बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात हे शहर देवमाशांच्या शिकारीवर गबर झाले. अमेरिकेतल्या घराघरांतले दिवे देवमाशाच्या तेलावर जळत होते. तिथल्या संग्रहालयात 'लगोडा' या शिकारी जहाजाची अर्ध्या आकाराची प्रतिकृती आहे, तिच्यावर चढताही येते. पण आम्ही गेलो होतो ते फ्रेडरिक डग्लससाठी.

1838 मध्ये गुलामीतून पळालेला डग्लस पत्नी ॲनासह या गावात आला. नेथन आणि पॉली जॉन्सन या काळ्या दांपत्याने त्यांना आसरा दिला. ते घर आजही उभे आहे. 'डग्लस' हे आडनावही नेथननेच सुचवलेले.

शिकारी जहाजांवर गोरे, काळे, आदिवासी, केप व्हर्डचे बेटकरी एकत्र काम करत, हे या गावात अभिमानाने सांगितले जाते. ते खोटे नाही. पण वर्षानुवर्षे समुद्रात राहायचे, लहान होडीतून देवमाशाच्या अंगावर जायचे, आणि मजुरी म्हणजे शेवटी नफ्यातला वाटा. अशा कामाला माणसे कमी पडतात, तेव्हा रंग कोण विचारतो? आपल्याकडे गटारात उतरायला कधी कोणी आरक्षणविरोधी मोर्चा काढला आहे का?

किनाऱ्यावर गोष्ट वेगळी होती. जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवण्याचे कसब डग्लसने बाल्टिमोरला शिकले होते. त्या कामाला दिवसाला दोन डॉलर मिळत. रॉडनी फ्रेंच या गुलामीविरोधी जहाजमालकाने त्याला काम देऊ केले. पण डग्लसने जहाजाला हात लावला तर आम्ही सगळे काम सोडू, असे गोऱ्या कारागिरांनी बजावले. मालक पुरोगामी, गाव पुरोगामी, आणि डग्लस एक डॉलरच्या हमालीवर! लाकडे फोडली, कोळसा ओढला, तेलाची पिंपे ढकलली.

त्याला अडवणारे कामगारच होते. 'आधी वर्ग, मग जात' म्हणणाऱ्या आपल्या डाव्या मित्रांना आम्ही म्हणूनच हे गाव दाखवू इच्छितो. मुंबईच्या गिरण्यांतही जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपला उष्टा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे त्यांनी पुढे 1936 साली लिहिले, त्यामागे या गिरण्याही होत्या.

देवळाची गोष्टही तीच, फक्त इथे ते चर्च होते. एल्म स्ट्रीटच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये प्रभुभोजन आधी गोऱ्यांना दिले, मग काळ्यांना बोलावले. डग्लस उठून बाहेर पडला तो परत गेला नाही. काळ्यांच्या स्वतंत्र झायन चर्चमध्ये सामील झाला. नाशिकच्या काळाराम मंदिरापासून येवल्यापर्यंतचा रस्ता ज्यांना माहीत आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

सार्वजनिक ग्रंथालयासमोर लुईस टेंपल या काळ्या लोहाराचा पुतळा आहे. 1848 मध्ये त्याने नवा भाला बनवला. त्याचे टोक देवमाशाच्या अंगात शिरल्यावर आडवे वळे, म्हणून निसटत नसे. त्याने पेटंट घेतले नाही. इतर लोहारांनी नक्कल केली, जहाजमालक मालामाल झाले. टेंपल 1854 मध्ये वारला, पुतळा 1987 मध्ये बसला.

डग्लस नंतर पितळेच्या कारखान्यात भाता चालवायचा. समोरच्या खांबावर तो वर्तमानपत्र खिळ्याने ठोकून ठेवी आणि भाता वरखाली करता करता वाचत राही.