गळक्या टाकीची यात्रा

हैदराबादचे वर्णन करू लागले की लेखणी चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग संग्रहालय ह्यांच्यापाशीच घुटमळते. परंतु जुनी वस्तू टाकून न देता तिच्यात पुन्हा जीव घालणारे एक निराळे हैदराबाद कोठीपासून पुराण्या पुलापर्यंत पसरलेले आहे. गेल्या उन्हाळ्यात एका मोटारसायकलच्या गळक्या टाकीच्या निमित्ताने ह्या भागाची आमची पायी यात्रा घडली.

ही येझदी मोटारसायकल आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंची. विकाराबाद-तांडूरच्या बाजूस पाटबंधाऱ्याच्या कामावर असताना ते तिच्यावरून तळ्यांच्या बांधांवर आणि खडकाळ पाणंदींतून हिंडत. डोंगरवाटांसाठी खास बांधलेल्या गाड्या हल्ली मिळतात. त्या पिढीला जी गाडी रस्त्यावर, तीच बांधावर. त्यांच्या पश्चात ती बारा वर्षे जिन्याखाली उभी होती. भंगारवाला दाराशी आला तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, चालती करून कुणालाही द्या, मोडायला मात्र देऊ नका." निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात हे काम थोड्या पैशांतच व्हायला हवे होते.

येझदीचे कुळ मोठे मनोरंजक आहे. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या सहकार्याने म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ मध्ये ह्या गाड्या बनू लागल्या. १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. ज्या दांड्याने गाडी सुरू करायची, तोच पुढे वळवला की गिअर बदलण्याचा दांडा होतो, ही तिची खासियत. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्हचा पसारा नसल्याने दुरुस्तीही आटोपशीर असते.

सुट्या भागांसाठी आम्ही प्रथम पुतलीबावलीस गेलो. येथून जांबाग जवळच. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक ह्यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये सुरू झालेल्या विवेकवर्धिनीमुळे ह्या परिसराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. त्या नात्याची खूण मिस्त्रींच्या बोलीतही ऐकू येते. दखनीतला 'नक्को' हा आपलाच 'नको', आणि शब्दाच्या शेवटी जोर देणारा 'च'ही आपल्याच घरचा. केबल, रबरी वायसर, प्लग आणि ब्रेकचे पट्टे एवढे नवे घेतले. आरसा आणि दिव्याची काच गुरुवारच्या जुमेरात बाजारात जुन्या मालात मिळाली. इंजिन साफसफाईने जागे झाले. खरा प्रश्न टाकीचा होता.

पेट्रोल पाण्याहून हलके. म्हणून टाकीत शिरलेला दमटपणा पाणी होऊन तळाशी साचतो. तोटीचे तोंड तळापेक्षा किंचित उंच असल्याने तो थर बाहेर पडत नाही आणि वर्षानुवर्षे पत्रा आतून खात राहतो. बाहेर दिसणारे सुईएवढे भोक हे ह्या दुखण्याचे शेवटचे लक्षण होय. रंग खरवडला तेव्हा अशी तीन भोके निघाली.

एका दुकानात कारागिराने लगेच गॅसची ज्योत पेटवली. "पाच मिनिटांचे काम," तो म्हणाला. आम्ही टाकी उचलून बाहेर पडलो. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, हे वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झाले की ठिणगीने स्फोट होतो, आणि रिकाम्या टाकीत नेमके असेच मिश्रण असू शकते. वाफ हवेहून जड असल्यामुळे ती नुसते झाकण उघडून निघून जात नाही.

अखेर एका वृद्ध उस्तादांची गाठ पडली. टाकी हातात घेऊन त्यांनी कानाशी हलवली आणि म्हणाले, "जल्दी नक्को करो, मास्टरसाब. पहले पानीइच इसकी दवा है." साबणाच्या गरम पाण्याने टाकी अनेकदा धुतली गेली. मग आत नट-बोल्ट घालून ती खळखळवली. दोन दिवस व्हिनेगर भरून ठेवल्यावर गंज सुटला. उरलेले आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने मारले.

डागासाठी लागणारे कथील आणि नवसागर आणण्यास आम्ही बेगम बाजारात गेलो. भांड्यांच्या त्या बाजारात पाऊल टाकताच आमच्या लहानपणचा कल्हईवाला आठवला. तेच कथील, तोच नवसागराचा धूर. उस्तादांनी टाकी उलटी करून भोके वर आणली आणि त्यांच्या खाली बोटभर जागा राहील इतके पाणी आत भरले. पाण्यामुळे वाफेला जागाच उरत नाही. मग उघडी ज्योत दूर ठेवून, तापवलेल्या तांब्याच्या अवजाराने एकेका भोकावर कथलाचा डाग दिला. नंतर टाकी धुऊन उन्हात वाळवली आणि लगेच आतून तेल फिरवले. उघडा पडलेला पत्रा काही तासांतच पुन्हा गंजू लागतो.

जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी आता अधिक दक्ष राहावे. २०२५ मध्ये आपल्या देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. म्हणून गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून, टाकी तेलाचा हात देऊन ठेवावी. नोंदणीचेही विसरू नये. पंधरा वर्षांनंतर ती नव्याने करावी लागते, आणि मोटारसायकलसाठीचे हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून तीनशेचे एक हजार रुपये झाले होते.

उस्तादांनी मजुरी बेताचीच घेतली. त्यांच्या हाताखाली शिकणारे मात्र कोणी नव्हते. मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो, असे त्यांनी तक्रारीचा सूर न लावता सांगितले. शाळेत आम्ही मुलांना कथिलाचे गुणधर्म शिकवतो. त्या कथिलाने टाकी कशी वाचते हे दाखविणारा माणूस गेला, की पाठ्यपुस्तकातील ती ओळ नुसती ओळच राहील.

पहिल्या पावसानंतर पुतण्याने गाडी काढली आणि आम्ही मागे बसलो. हैदराबादेहून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, विकाराबादजवळ अनंतगिरीच्या टेकड्या आहेत. आमच्या शहराच्या मधून वाहणारी मुसी येथेच उगम पावते. बंधूंच्या रोजच्या फिरतीचा हा मुलूख. लाल मातीच्या वाटेवर गाडी दगडांवरून उडत, धूर सोडत, पण न अडखळता चढली. अनंतपद्मनाभाच्या देवळाखाली झाडांच्या मुळांतून पाणी ठिबकत होते. पुतण्याने वाकून टाकीच्या पोटाखालून बोट फिरवले आणि आम्हांला दाखवले. बोट कोरडे होते.

"आईला सांगू या," तो म्हणाला, "आता ही कुणाला द्यायची नाही."