यांजकडून

मी दारूच्या थेंबालाही शिवलेलो नाही. तरी माझ्या शिक्षणावर एका हातभट्टीचे उपकार आहेत, आणि हे मी चाळीस वर्षं कोणाजवळ बोललो नाही.

आमचं गाव जळगाव जामोद तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. गावाच्या वर डोंगर, डोंगरापलीकडे मध्य प्रदेश. डोंगराला लागून कोरकूंची दहा-बारा घरं होती. शेवटच्या घरात एक म्हातारी राहायची. सगळं गाव तिला मावशीच म्हणायचं. बाप सालदार होता. पैसा हाती पडला की त्याचे पाय डोंगराकडे वळायचे आणि अंधार पडला की माय मला त्याला आणायला पाठवायची. मावशीची भट्टी मला पाठ झाली ती अशी, बापाची वाट बघता बघता.

फाल्गुन-चैत्रात मोह पहाटे गळतो. झाडाखालचा पाचोळा मावशी आधीच झाडून ठेवायची, म्हणजे फुलं मातीत मिसळत नसत. ओलं फूल फिकट पिवळं, गुबगुबीत, तोंडात टाकलं की गोड. ऊन लागलं की मनुक्यासारखं तांबूस होतं. वाळलेला मोह ती माठात भिजत घालायची. काही दिवसांनी माठ आतून बुडबुडायला लागे. ती माठाला कान लावून बसायची आणि मला सांगायची, "बोलू राह्यला तवरोक हात नाही लावाचा." माठ गप झाला की सडवा चुलीवरच्या मडक्यात जायचा. मडक्यांची तोंडं मातीनं लिंपलेली, बाजूला बांबूची नळी, वरच्या भांड्यात गार पाणी. हे पाणी सारखं बदलावं लागतं, नाहीतर वाफेची धार होत नाही. ते नाल्यावरून आणायचं काम माझं. मजुरी म्हणून मूठभर भाजलेला मोह.

कोरकू या दारूला सिडू म्हणतात. लग्नात, पितरांच्या कार्यात ती लागतेच. म्हणून मावशीचे नियम कडक होते. बाकीचे भट्टीवाले सडव्यात नवसागर टाकत, ती टाकायची नाही. "वडलाईच्या नावानं जे सांडाचं, त्यात जहर टाकतेत का रे बाप्पा?"

मी दहावीला होतो. बोर्डाचा फॉर्म भरायचा होता. मायनं कापसाच्या वेचणीचे पैसे पिठाच्या डब्यात ठेवले होते. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी डबा पाहिला तर नुसतं पीठ. बापही घरात नव्हता. माय काही बोलली नाही. चूलही पेटवली नाही.

दिवेलागणीला मावशी दारात उभी. डोंगरावरून चालत आलेली, धापा टाकत होती. ओट्यावर बसून तिनं पदराची गाठ सोडली. आत नोटांची गुंडाळी.

"माह्यापाशी आला. रोज चिल्लर आनते, आज नोटा. मी म्हनलं, कुठच्या रे? तर म्हने पोराच्या फीच्या. मोज बाई, पुऱ्या हायेत का."

"अन् त्याले पाजली?" मायनं विचारलं.

"पानी पाजलं. निजला तिथंच."

माय पैसे मोजत होती, तोवर मावशी उठून चालायला लागली. मायनं भाकरीसाठी हाक मारली. ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिडकीत मी त्या नोटा दिल्या. कारकुनानं त्या नाकाला लावल्या, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्याला डोळा मारला. नोटांना मोहाचा वास होता. हे पैसे कुणी वाचवले, ते मी सांगू शकलो असतो. मी मान खाली घालून पावती घेतली.

याहून वाईट मी पुढच्या वर्षी वागलो. मी तेव्हा अकरावीला. डोंगरावर धाड पडली. माठ फोडले, सडवा मातीत ओतला, पंचनामा झाला. मावशीला जीपमध्ये बसवून नेताना जीप आमच्या एसटी थांब्यावर क्षणभर थांबली. माझ्यासोबत वर्गातली मुलं होती. मावशीनं मला पाहिलं. मी पुस्तकात डोकं घातलं. तिनं हाक मारली नाही. मला ओळख दाखवायची नाही, हे तिला कळलं होतं.

त्यानंतर बाप गावातल्या सरकारमान्य देशी दारूच्या दुकानात जाऊ लागला. तिथे परवाना भिंतीवर टांगलेला होता, बाटलीला सील होतं आणि पैसे कुठून आणले असं विचारणारं कोणी नव्हतं. त्रेपन्नाव्या वर्षी तो गेला.

पुढे मी ग्रंथपाल झालो. नोकरीत हाताशी येईल ते वाचत गेलो आणि मावशीचा गुन्हा नेमका कोणता, ते शोधत राहिलो. इंग्रजांनी 1892 मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी खास मोहाचा कायदा केला, कारण घरोघरी गाळलेल्या दारूनं अबकारीचं उत्पन्न बुडत होतं. 1949 मध्ये मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला. 1956 मध्ये विदर्भ त्या राज्यात गेला. 1973 मध्ये देशी दारूचे नियम झाले. साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेली दारू बाटलीत भरून विकणं हा धंदा ठरला. झाडाखाली वेचलेल्या फुलाची दारू हा गुन्हाच राहिला.

स्कॉटलंडच्या व्हिस्कीचा इतिहास वाचताना तर मी पुस्तक मिटून बसलो. तिथले डोंगरातले शेतकरीही चोरून गाळत, सरकारी माणसं त्यांच्याही भट्ट्या फोडत. 1823 मध्ये तिथे कायदा बदलला, परवाना आवाक्यात आला. 1824 मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनं तो घेतला. चोरून गाळणारे शेजारी एवढे खवळले की तो कमरेला पिस्तुलं लावून फिरायचा. आज त्याच खोऱ्यात लोक तिकीट काढून भट्ट्या बघायला जातात. आमच्याकडे 2021 मध्ये आदिवासींना मोहफूल गोळा करायला, साठवायला मोकळीक मिळाली. डोंगरापलीकडच्या मध्य प्रदेशानं 2022 मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान दिला. तोवर मावशी मरून बरीच वर्षं झाली होती.

दारू चांगली, असं मी म्हणणार नाही. तिनं माझं घर खाल्लं आहे. पण माझ्या बापाला आयुष्यात एकदाच कुणी दारू नाकारली, आणि तीही दारू विकून पोट भरणाऱ्या बाईनं.

फीची ती पावती माझ्याकडे अजून आहे. तिच्यावर 'यांजकडून' या शब्दाच्या आधी कारकुनानं माझं नाव लिहिलं आहे. ते चुकीचं आहे.