अचूक यंत्राचा चुकीचा आकडा

दाब मोजणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. म्हणूनच आईसाठी स्वयंचलित रक्तदाबमापक घेतला, तेव्हा तो तिच्या हाती देण्याआधी मी प्रयोगशाळेत नेला. नळीने त्याला पाऱ्याच्या स्तंभाशी जोडले आणि पडद्यावरचा दाब ५० पासून २०० मिलिमीटरपर्यंत ताडून पाहिला. फरक कुठेही २ मिलिमीटरच्या वर गेला नाही. ‘यंत्र अचूक आहे,’ असे मी घरी जाहीर केले.

पुढे महिनाभर आईचा वरचा आकडा १५० च्या आसपासच राहिला. माझ्या नोंदी पाहून डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली. मग सकाळी उठताना तिला चक्कर येऊ लागली. मी पुन्हा यंत्रच पुढे केले: आकडा अजूनही १४६! ती एवढेच म्हणाली, “अगं, मशीन तुझं बरोबर असेल, पण मला अंधारी येते, त्याचं काय?”

दवाखान्यात डॉक्टरांनी मोठा पट्टा बांधून, स्टेथोस्कोपने ऐकून दाब मोजला. तो १२८ भरला. आईच्या दंडाचा घेर ३७ सेंटीमीटर होता आणि आमचा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटरसाठी होता. हे पट्ट्यावर छापलेलेच होते, पण मी वाचले नव्हते. लहान पट्टा रक्तदाब वाढवून दाखवतो. अतिमोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधल्यास वरचा आकडा सरासरी सुमारे २० मिलिमीटरने फुगतो, असे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली दाखवले आहे.

योग्य मापाचा पट्टा आणल्यावर बराचसा फरक मिटला, तरी ६ मिलिमीटर उरलेच. त्याचे कारण अधिक मूलभूत आहे. असे यंत्र वरचा आणि खालचा दाब थेट मोजत नाही. पट्ट्यातील हवा सुटत असताना धमनीच्या स्पंदनांमुळे दाबात सूक्ष्म हेलकावे उमटतात. ते सर्वांत मोठे होतात तो दाब धमनीतील सरासरी दाबाच्या जवळ असतो. उरलेले दोन्ही आकडे सूत्राने काढले जातात, आणि ते सूत्र उत्पादक सहसा उघड करत नाहीत. मी तपासला होता तो संवेदक. सूत्राची परीक्षा माणसांवरच होऊ शकते.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती किमान ८५ व्यक्तींवर होते. दोन प्रशिक्षित निरीक्षकांच्या मापनाशी तुलना करता सरासरी फरक ५ मिलिमीटरच्या आत आणि प्रमाण विचलन ८ च्या आत असावे लागते. आता गणित पाहा. सरासरी फरक शून्य असला, पण विचलन ८ असले, तरी सुमारे एकतृतीयांश वाचने ८ मिलिमीटरहून अधिक चुकलेली असू शकतात. यंत्र उत्तीर्ण होते ते समूहासाठी. आपल्या दंडावर ते किती चुकते, हे प्रमाणपत्र सांगत नाही.

आयसीएमआरच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात सुमारे ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांपैकी कित्येकांची गोळी अशाच पडद्यावरील आकड्यावरून ठरते. म्हणून एक विनंती: दंडाचा घेर मोजा, मग पट्टा निवडा. वर्षातून एकदा घरचे यंत्र डॉक्टरांकडे न्या आणि त्यांच्या मापनाशी ताडून पाहा. औषधात बदल मात्र स्वतःहून करू नका.

आईच्या वहीच्या पहिल्या पानावर आता मी लिहून ठेवले आहे: ‘यंत्र ६ ने जास्त दाखवते.’ त्याखाली तिने स्वतःच्या अक्षरात भर घातली आहे: ‘चक्कर आली तर तेही लिहिणे.’